जड पाणी, चिकट केस

केशोरी म्हटलं की आमच्या भागात आधी मिरची आठवते. गावाच्या नावातच 'केश' आहे, पण केसांसाठी या गावाला कोणी ओळखत नाही. तरी सध्या माझ्या डोक्यात केशोरी आणि केस हे दोन्ही एकत्र घोळताहेत. शहरातली भाची परवा 'क्लॅरिफायिंग शाम्पू' नावाचं काहीतरी दाखवत होती. केसांवर तेलाचा, क्रीमचा, सीरमचा थर साचतो, तो काढायला हा वेगळा शाम्पू. म्हणजे धुतलेले केस पुन्हा धुवायचे! मला आधी हसू आलं. मग वाटलं, ही गरज खरंच नवी आहे का?

नाही. केसांना काही लावायला लागल्यापासून ते काढायची पंचाईत आहेच.

अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या या जंगलपट्टीत मोहाची झाडं भरपूर. मोहफुलं सगळ्यांना माहीत असतात, बियांकडे कोणाचं लक्ष जात नाही. या बिया म्हणजे टोरी. त्यांचं तेल खायला, दिव्याला आणि अंगाला लावायला चालतं. थंडीत ते तुपासारखं थिजतं. असं तेल डोक्याला चोपडलं आणि वर शेताची धूळ बसली की नुसत्या पाण्याने काय निघणार? पण तेल काढून उरलेल्या ढेपेतच सॅपोनिन असतं. पाण्यात कालवली की फेस येतो. तळ्यातले मासे गुंगवायला तीच ढेप वापरतात, आणि तमिळ मुलखात त्याच ढेपेने पिढ्यान्‌पिढ्या डोकी धुतली गेली. चिकटणारं तेल आणि ते काढणारी ढेप, दोन्ही एकाच बीमधली. रिठा आणि शिकेकाईचंही काम असंच, सॅपोनिनवर चालणारं. सॅपोनिनचा मोठा गुण म्हणजे पाणी कसं आहे याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं.

साबणाला मात्र असतं. आणि इथेच या गोष्टीत पाणी येतं.

गोंदिया हा तळ्यांचा जिल्हा. नवेगावबांधसारखे मोठे तलाव आणि गावोगावच्या बोड्या ही कोहळी समाजाच्या पिढ्यांची करणी. तळ्याचं पाणी म्हणजे पावसाचं, जमिनीवरून वाहत येऊन साठलेलं. त्यात खडकातले क्षार फारसे उतरलेले नसतात, म्हणून ते हलकं. अशा पाण्यात साबणाने केस धुतले तरी फारसं बिघडत नाही. पण १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि डागडुजीची जुनी घडी मोडली. कित्येक तलाव गाळाने भरत गेले.

दुसरीकडे, १९७२च्या दुष्काळानंतर गावोगावी बोअर आणि हातपंप आले. 'इंडिया मार्क टू' हा जगभर गेलेला पंप ज्या आधीच्या पंपांवरून सुधारत बनला, त्यांची नावंच 'जालना' आणि 'सोलापूर' अशी होती! आपल्याच राज्यातल्या मिशनऱ्यांच्या कामातून ते निघाले होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस युनिसेफच्या मदतीने मार्क टू तयार झाला आणि गावात लोखंडी दांड्याचा खडखडाट ऐकू येऊ लागला.

बोअरचं पाणी खडकाच्या भेगांमध्ये मुरलेलं असतं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळतं. ते पाणी जड. त्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. साबणातली स्निग्ध आम्लं या क्षारांना धरतात आणि पांढरा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच साका केसांवरही बसतो. बाई म्हणते, "कितीबी धुतलं तरी डोकं चिकटच." ती बरोबर सांगत असते. तिने काही लावलेलंच नसतं, पाणी आणि साबण यांनीच थर चढवलेला असतो. त्यावर जुना उपाय आंबटाचा: शेवटच्या तांब्यात लिंबू पिळायचं. आंबटाने साका सुटतो. आजच्या इंग्रजी पुस्तकांत त्याला व्हिनेगरचं 'ॲसिड रिन्स' म्हणतात एवढंच.

आता कोणी म्हणेल, तळं बरं होतं, पंप वाईट. तसं नाही. तळ्यात म्हशी बसत, कपडे धुतले जात आणि तेच पाणी पिण्यात येई. नारूच्या रोगाने ज्या राज्यांना छळलं त्यात महाराष्ट्र होता. देशातला शेवटचा नारूचा रोगी १९९६ मधला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्यात हातपंपांचा वाटा मोठा आहे. पोट वाचलं, केस चिकट झाले. हा सौदा कोणीही करावा असाच. फक्त चिकट केसांचं कारण कोणी त्या बायांना सांगितलं नाही.

ते कारण ओळखलं ते शाम्पूवाल्यांनी. 'शाम्पू' हा शब्द आपल्या चंपीचा नातेवाईक. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ब्रायटनला 'शाम्पूइंग' सुरू केलं, ते मालिशच होतं. धुण्याचा अर्थ नंतर चिकटला. १९३४ मध्ये अमेरिकेत 'ड्रीन' आला. तो साबण नव्हता, कृत्रिम डिटर्जंट होता, त्यामुळे जड पाण्यातही साका होत नसे. आपल्याकडे १९८३ मध्ये कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी 'चिक'च्या पुड्या काढल्या आणि शाम्पू किराणा दुकानाच्या दोरीला लटकला. पुडी खपली ती केवळ जाहिरातीमुळे असं मला वाटत नाही. बोअरच्या पाण्यातही तिने डोकं स्वच्छ होत होतं, बायांना तेवढं पुरेसं होतं.

मग १९८० च्या दशकात शाम्पूतच कंडिशनर मिसळू लागले, सिलिकोन आलं. ते पाण्यात विरघळत नाही, केसाला गुळगुळीत कवच देऊन बसतं. दर धुण्याला थोडं राहिलं की थर वाढतो. म्हणून आता क्लॅरिफायिंग. त्यात जास्त कडक डिटर्जंट असतं, काहींत कॅल्शियम पकडून ठेवणारी द्रव्यंही. म्हणजे मोहाच्या ढेपेपासून आपण फिरून तिथेच आलो, फक्त आता दोन वेगळ्या बाटल्या विकत घ्याव्या लागतात.

भाचीला मी सांगितलं, महिन्यातून एखादे वेळी वापर, रोज नको. कडक धुण्याने केसांचं स्वतःचं तेलही जातं. खायच्या सोड्याने तर मुळीच धुऊ नकोस, अल्कलीने केस खरखरीत होतात. आणि बाटली घेण्याआधी नळाच्या पाण्यात डाळ शिजवून बघ. लवकर शिजली नाही तर दोष शाम्पूचाच असेल असं नाही.

आणि पावसाळ्यात केशोरीला ये. कौलांच्या पन्हाळीखाली बादली लाव आणि शेवटचा तांब्या त्या पाण्याचा घे. ते अजून तरी फुकट आहे.