पट्ट्यापट्ट्यांची टोपी

पगडी, फेटा आणि मुकुट यांचा इतिहास पुस्तकांतून वाचावयास मिळतो. परंतु थंडीच्या दिवसांत मुलाच्या कानांवर ओढून बसविलेली लोकरीची टोपी आपल्या घरात कोठून आली, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. त्यातही ती टोपी शिल्लक राहिलेल्या चार-पाच गुंड्यांतून, एक पट्टा जाड लोकरीचा तर दुसरा बारीक लोकरीचा अशी केलेली असली, तर ‘उरल्यासुरल्याची आहे’ असे म्हणून आपणच तिला कमी लेखतो. बाळंतविड्यात मात्र कुंची, झबले आणि दुपटे यांच्या शेजारी तीच टोपी मानाने बसते. मंडळाच्या या स्मरणिकेत तिच्या कुळाची थोडी चौकशी करावी, असा या लेखाचा हेतू आहे. ही चौकशी करता करता बायकांच्या हातच्या कामाचे मोल काय, हा प्रश्नही वाटेत भेटतो. तो टाळून पुढे जाता येत नाही.

प्रथम एक भेद लक्षात ठेवावयास हवा. दोन सुयांवर घरे घालून विणणे हे एक काम आणि एकाच आकड्याच्या सुईने साखळी, मुका खांब, खांब असे टाके घालीत जाणे हे दुसरे. पहिले पुष्कळ जुने आहे, दुसरे त्या मानाने अगदी कालपरवाचे. ‘क्रोशे’ हा शब्द फ्रेंच भाषेतला असून त्याचा अर्थ लहानसा आकडा असा आहे. म्हणजे हत्याराचेच नाव कामाला पडले. आज आपण ज्याला क्रोशाकाम म्हणतो, त्याचे खात्रीचे पुरावे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासूनच मिळतात.

टोपीचा मान मात्र त्याही आधीचा आहे. इंग्लंडात १५७१ साली एक गमतीचा कायदा झाला. सहा वर्षांवरील प्रत्येकाने रविवारी व सणाच्या दिवशी इंग्लंडातच विणलेली लोकरीची टोपी घातली पाहिजे, नाही तर दर दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड! सरदार-जमीनदार आणि घरंदाज स्त्रिया यांना यातून सूट होती, म्हणजे सक्ती मुख्यतः सामान्य माणसांवरच. टोपी करणाऱ्या कारागिरांचा धंदा बसत चालला होता, तो सावरावा म्हणून ही युक्ती. लोकांनी हा कायदा फारसा मनावर घेतला नाही आणि १५९७ साली तो रद्द झाला. तथापि एका टोपीवर किती घरांच्या चुली अवलंबून असतात, हे त्यावरून दिसते. त्या काळी टोपी मुद्दाम ढगळ विणीत, मग गरम पाण्यात चोळून चोळून आटवीत, म्हणजे ती घट्ट व पाऊस अडविणारी होई. लोकर आटते हा आपल्याला त्रास वाटतो. त्या कारागिरांनी त्याचाच उपयोग करून घेतला.

आता आकड्याची सुई कशी आली ते पाहू. कच्छमधील मोची कातड्यावर आरीने भरतकाम करीत आणि पुढे तीच आरी कापडावर चालू लागली. कापड ताणून धरावयाचे, वरून आकडा खाली घालावयाचा आणि खालचा दोरा साखळीसारखा वर ओढावयाचा. पूर्वेकडील ही रीत अठराव्या शतकात युरोपात पोहोचली. तेथे कापड ढोलाच्या कातड्याप्रमाणे गोल चौकटीवर ताणीत, म्हणून फ्रेंच लोकांनी तिला ढोलाचेच नाव दिले. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले की, साखळी घालावयाला खाली कापड असण्याची गरजच नाही. टाक्यात टाका अडकवून हवेतच विणता येते. क्रोशाकामाचा उगम असा झाला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. १८२३-२४ च्या सुमारास ‘पेनेलोपे’ नावाच्या डच मासिकात क्रोशाचे नमुने छापून आले. छापील नमुन्यांत ते सर्वांत जुने मानले जातात.

यानंतरची हकीकत दुःखाची आहे. १८४५ साली आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचे सारे पोट बटाट्यावर. दुष्काळ वर्षामागून वर्षे चालला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहूनही अधिक देश सोडून गेली. त्या दिवसांत कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन मठात जोगिणी मुलींना क्रोशाची लेस शिकवीत होत्या. क्लोन्स नावाच्या गावात कॅसँड्रा हँड ही पाद्रीपत्नी १८४७ साली आली आणि तिने घरोघरी हे काम लावून दिले. लेस करावयाला मोठे यंत्र नको, जागा नको, भांडवल नको. एक आकडा, थोडा दोरा आणि चुलीपुढचा उजेड एवढे पुरे. शेत पडीक पडले होते, परंतु बायकांच्या हातचा आकडा चालू राहिला. क्लोन्सच्या लेसला आणि तेथील खास गाठीला नाव मिळाले. त्या बाईच्या नावाची शाळेची इमारत त्या गावात अजून उभी आहे. याच काळात एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंनी क्रोशाच्या नमुन्यांची पुस्तके एकामागून एक काढली आणि ज्यांना शिकवणारे कोणी जवळ नव्हते, अशांच्या हाती ही विद्या दिली.

आयरिश लेसमधील एक युक्ती आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. फुलांना व पानांना उठाव यावा म्हणून तेथल्या बायका आत एक जाड दोरा धरीत आणि त्याच्यावरून अगदी बारीक दोऱ्याने मुके खांब घालीत. जाडाने आकार द्यावयाचा, बारकाने रूप! वेगवेगळ्या जाडीचे दोरे एकाच कामात नांदू शकतात, हे त्यांनी एकोणिसाव्या शतकातच सिद्ध केले होते. शिवाय एक बाई फूल करी, दुसरी पान करी, तिसरी सारे जोडी. प्रत्येकीचा हात वेगळा, तरी लेस एक.

पट्ट्यांच्या टोपीला खरा मान मिळाला तो दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांवर रेशनिंग आले ते १९४९ च्या मार्चपर्यंत राहिले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने मिळाली आणि दोन औंस विणावयाच्या लोकरीला एक कुपन जाई. तयार टोप्या मात्र कुपनाशिवाय मिळत. पण किंमत भारी! तेव्हा बायकांनी काय केले? जुने, कोपरे फाटलेले स्वेटर उसवले. उसवलेली लोकर कुरळी होते, म्हणून तिच्या लच्छ्या करून धुतल्या आणि वजन टांगून वाळविल्या, की दोरा सरळ होई. १९४३ साली तेथील सरकारनेच ‘आहे त्यात भागवा आणि दुरुस्त करा’ अशा अर्थाची पुस्तिका काढली. जुन्या कपड्यांतून निघालेली लोकर कधी दोन पदरी, कधी चार पदरी. रंगही एकसारखे नाहीत. ती एकजीव दिसावयाची तर एकच उपाय, तो म्हणजे पट्टे! एकाच निळ्या रंगाच्या दोन छटा शेजारी आल्या तर चूक दिसते. परंतु मध्ये पांढरा पट्टा आला की तीच हौस ठरते. टंचाईने शिकविलेला हा धडा पुढे फॅशन होऊन बसला.

ज्या भगिनी अशी टोपी करू पाहतील, त्यांच्यासाठी यातील हिशेब सांगून ठेवते. टोपीचा माथा म्हणजे सपाट चकती. मुक्या खांबांनी करावयाची तर पहिल्या फेरीत ६ टाके, मग १२, १८, २४ याप्रमाणे दर फेरीला ६ टाके वाढवावे. वाढ कमी झाली तर वाटीसारखे वळते, जास्त झाली तर झालर पडते. डोक्याचा घेर २२ इंच असेल तर त्याला ३.१४ ने भागून चकतीची रुंदी सुमारे सात इंच येते. लोकर ताणते म्हणून सव्वासहाला वाढ थांबवावी आणि पुढे सरळ विणावे.

खरी अडचण येते ती जाड लोकर लागली म्हणजे. समजा, बारीक लोकरीचे इंचाला ५ मुके खांब बसतात आणि जाड लोकरीचे ४. घेर २० इंच असेल तर बारीक पट्ट्यात १०० टाके झाले. त्याच १०० टाक्यांवर जाड लोकर घातली तर घेर २५ इंच होतो आणि टोपीला पोट सुटते! यावर दोन उपाय आहेत. पहिला सोपा : बारीक लोकरीचे दोन पदर एकत्र धरून ती जाडीच्या बरोबरीला आणावी आणि सर्व टोपी एकाच सुईने करावी. दुसरा हिशेबाचा : जाड पट्टा सुरू करताना दर पाच टाक्यांत तीन साधे घालून पुढचे दोन एकत्र घ्यावेत, म्हणजे १०० चे ८० होतात, पुन्हा बारीक लोकरीवर येताना दर चौथ्या टाक्यात दोन घालावेत, म्हणजे ८० चे १००. शक्य तर जाड लोकर कडेला ठेवावी, कानांना ऊब तेथेच हवी असते. रंग बदलताना आधीच्या टाक्याचा शेवटचा वेढाच नव्या लोकरीने घ्यावा, म्हणजे पट्ट्याची कड स्वच्छ येते. लोकर आणि सूत मात्र एका टोपीत मिसळू नये. धुतल्यावर लोकर आटेल आणि सूत तसेच राहील.

दूरदेशीच्या हकीकती सांगताना घरच्या टोपीला विसरून चालणार नाही. मुंबईत भेंडीबाजाराच्या बाजूला गेले की दाऊदी बोहरा गृहस्थांच्या डोक्यावर पांढरी, सोनेरी पट्ट्याची टोपी दिसते. ती क्रोशाचीच. पांढरे सूत आणि सोनेरी जर या दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या दोऱ्यांची. सूत नरम, जर कडक. दोन्हींचा ताण सारखा ठेवणे हे हाताचे कसब. ही टोपी बोहरा भगिनी घरी बसून करतात. आपल्या शेजारच्या गल्लीतली ही कला आयर्लंडच्या लेसइतकीच आदराने पाहण्याजोगी आहे.

आता आरंभी म्हटलेल्या प्रश्नाकडे वळते. आंध्र प्रदेशातील नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी क्रोशाची लेस शिकविली आणि तेथे तिचा मोठा व्यापार वाढला. मारिया मीस या विदुषींनी तेथे राहून अभ्यास केला आणि १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले की, हजारो स्त्रिया दिवसाचे कित्येक तास लेस विणीत, ती लेस परदेशी जाई, व्यापाऱ्यांचे पैसे होत. परंतु विणणारी बाई मात्र ‘घरी बसलेली गृहिणी’ म्हणूनच मोजली जाई. ती ‘फावल्या वेळात’ काम करते असे एकदा ठरले, की तिला मजुरीही फावल्या वेळाचीच! क्लोन्सच्या लेसने घरे जगविली हे खरे, पण तेथेही लेस अंगावर घालणारी वेगळी आणि विणणारी वेगळी, हे अंतर राहिलेच.

येथे एक गोष्ट प्रत्येकीने मनाशी बाळगावी अशी आहे. दोन सुयांचे विणकाम यंत्राने केव्हाच उचलले. स्वेटर कारखान्यात होतात. परंतु क्रोशाचा टाका जसाच्या तसा घालणारे, कारखान्यात चालणारे यंत्र आजवर आलेले नाही. काही यंत्रे त्याच्यासारखे दिसणारे कापड काढतात, ते निराळे. म्हणजे दुकानात टांगलेली खरी क्रोशाची टोपी कितीही स्वस्त असो, ती कोणा ना कोणाच्या हातानेच झालेली असते. स्वस्ताई आली ती यंत्रामुळे नव्हे, त्या हातांना कमी दाम मिळाल्यामुळे. ‘एवढ्याशा टोपीला एवढे पैसे?’ असे तोंडावर येण्यापूर्वी हे आठवावे.

आपली मंडळेही विक्रीला वस्तू ठेवतात. तेव्हा किंमत ठरविताना लोकरीचे पैसे तेवढे धरून चालणार नाही. लागलेले तासही कागदावर मांडले पाहिजेत. घरच्यांसाठी, नातवंडांसाठी केलेल्या टोपीला किंमत नसते, ती माया असते आणि ती तशीच राहावी. परंतु जी बाई चार पैशांसाठी विणते, तिच्या कामाला ‘फावला वेळ’ म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे, मग तो गिऱ्हाईकाने करो की आपण स्वतः करो.

पट्ट्यांची टोपी शेवटी हेच सांगते. जाड आणि बारीक, नवी आणि उसवलेली, सगळी लोकर एका घेरात बसते. मात्र प्रत्येकीचा हिशेब वेगळा करावा लागतो. सर्वांना सारखेच टाके दिले तर टोपी बिघडते. मंडळाचा संसारही याहून फारसा निराळा नाही. वर्धापनदिनाच्या या शुभप्रसंगी आपल्या पेट्यांच्या तळाशी पडलेल्या गुंड्या बाहेर निघोत, येत्या थंडीत कोणा लेकराचे कान त्यांनी उबदार होवोत आणि विणणाऱ्या प्रत्येक हाताला त्याचे योग्य मोल मिळो, हीच सदिच्छा.