दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदला, हे कुणी ठरवलं?

विद्यापीठाचं पोर्टल, बँक, ऑफिसचा मेल, कुठे ना कुठे तुम्हाला हा निरोप आलेला असणारच: पासवर्डची मुदत संपली, नवा टाका. एक कॅपिटल अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं. मग आपण काय करतो? ‘गणेश@१’ चं ‘गणेश@२’ करतो आणि कामाला लागतो.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना मी हा नियम सरावासाठी मुद्दाम सुचवते. तो सगळीकडे आहे, सगळे पाळतात, आणि ‘हे कशावरून?’ असं फारसं कुणी विचारत नाही. म्हणजे विषय म्हणून उत्तम!

सुरुवात एमआयटीपासून करू. १९६०च्या दशकाच्या आरंभी तिथे फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने सीटीएसएस ही व्यवस्था उभारली. संगणक एकच, वापरणारे अनेक, प्रत्येकाच्या फायली आणि वेळेचा कोटा वेगळा. म्हणून पासवर्ड आले. आणि १९६२ मध्येच अ‍ॅलन शेर नावाच्या विद्यार्थ्याने पासवर्डची अख्खी फाइल छापून घेतली. कारण काय, तर पीएच.डी.च्या कामाला ठरवून दिलेला वेळ पुरत नव्हता. (आपल्यातलाच एक म्हणायचा.) तेव्हा पासवर्ड जसेच्या तसे साठवलेले असत, त्यामुळे ती एक फाइल हाती लागली की सगळंच हाती लागलं.

आता नोव्हेंबर १९७९ कडे या. बेल लॅब्जचे रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्सवरच्या पासवर्डबद्दल एक छोटा निबंध छापला. तो मूळातून वाचाच, फार पानं नाहीत. त्यांनी लोकांचे ३,२८९ पासवर्ड तपासले. १५ जणांचा पासवर्ड म्हणजे एकच अक्षर होतं, ७२ जणांचा दोन, ४६४ जणांचा तीन. आणखी ४९२ पासवर्ड शब्दकोशात किंवा नावांच्या याद्यांमध्ये सरळ सापडले. सगळे सोपे प्रकार मिळून बेरीज २,८३१, म्हणजे ८६ टक्के. यावर त्यांचा मुख्य उपाय यंत्राच्या बाजूने होता: पासवर्ड ज्या गणिताने झाकला जातो ते मुद्दाम संथ करायचं, आणि प्रत्येक पासवर्डमध्ये थोडं वेगळं ‘मीठ’ मिसळायचं, म्हणजे एकदा केलेला हिशोब सगळ्यांवर चालणार नाही. पण आपल्यासाठी महत्त्वाचं एवढंच की माणसं स्वतः कसे पासवर्ड निवडतात याचा छापील पुरावा १९७९ पासून उपलब्ध होता.

मग १९८५ येतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची पासवर्ड-मार्गदर्शिका त्या एप्रिलमध्ये निघाली. हिरव्या मुखपृष्ठामुळे तिला ‘ग्रीन बुक’ म्हणतात. पासवर्ड ठरावीक काळाने बदलण्याचा नियम इथे आपल्याला गणितासकट दिसतो. हिशोब सोपा आहे. पासवर्ड किती काळ जिवंत राहतो, त्याला गुणिले त्या काळात शत्रू किती वेगाने अंदाज लावू शकतो, भागिले एकूण किती पासवर्ड शक्य आहेत. उत्तर म्हणजे तो ओळखला जाण्याची शक्यता. आयुष्य कमी केलं की शक्यता कमी होते, म्हणून मुदत. त्यांनी सांगितलेली कमाल मुदत होती एक वर्ष.

गणितात काही खोट नाही. पण त्याच मार्गदर्शिकेची शिफारस अशी होती की पासवर्ड यंत्राने यादृच्छिक पद्धतीने तयार करून माणसाला द्यावा. भागाकाराच्या खालचा आकडा तेव्हाच खरा असतो. माणूस स्वतः पासवर्ड निवडू लागला की ‘एकूण शक्य पासवर्ड’ ही कल्पनाच कोसळते, कारण निम्मं गाव मुलांची नावं आणि जन्मसाल टाकतं. पुढे मुदतीचा नियम रूढ झाला आणि यंत्राने पासवर्ड देण्याची अट मागे पडली. गंमत म्हणजे त्याच सूत्रानुसार मुदत वर्षावरून तीन महिन्यांवर आणली तर धोका चौपटीने घटतो, पण यादृच्छिक पासवर्डमध्ये एक रोमन अक्षर वाढवलं तर २६ पटीने!

यानंतर २००४. अमेरिकेची मानकं ठरवणारी निस्ट ही संस्था ‘८००-६३’ हा दस्तऐवज काढते. त्याच्या ‘परिशिष्ट अ’ मध्ये पासवर्डची ताकद बिटमध्ये मोजली होती (एक बिट वाढला की अंदाजांची संख्या दुप्पट). पहिल्या अक्षराला ४ बिट, पुढच्या सातांना प्रत्येकी २, आणि कॅपिटल अक्षर व चिन्ह वापरलं तर वरून ६ बिट. आधार काय, तर क्लॉड शॅनन यांनी १९५१ मध्ये इंग्रजी मजकुराबद्दल केलेलं काम. म्हणजे पुस्तकी इंग्रजीचे आकडे पासवर्डला लावले! लेखकांपैकी बिल बर यांनी २०१७ मध्ये वर्तमानपत्राला सांगितलं की त्यांना खरे पासवर्ड अभ्यासायला हवे होते, पण संस्थेच्या संगणक-प्रशासकांनी ते दिले नाहीत. केलेल्या बऱ्याच कामाचा आता पश्चात्ताप होतो, असंही ते म्हणाले. बातम्यांनी मग त्यांनाच नव्वद दिवसांच्या नियमाचं जनक करून टाकलं. परिशिष्ट उघडलंत तर भर बिटांच्या हिशोबावर आहे, आणि ठरावीक काळाने बदलण्याची प्रथा १९८५ मध्येच दिसते. बातमी वाचून थांबलात तर हा फरक हाती लागत नाही.

खरा विदा आला तो चोरीतून. डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे सुमारे ३.२ कोटी पासवर्ड फुटले, तेही साध्या मजकुरात. मॅट वीर आणि सहकाऱ्यांनी अशा फुटलेल्या संचांवर निस्टचा हिशोब तपासला, आणि तो प्रत्यक्षाशी जुळत नाही हे २०१० मध्ये दाखवलं. (चोरीचा विदा संशोधनात वापरावा का, हा प्रश्न तुमच्या नीतिसमितीसमोर येईल तेव्हा हे उदाहरण आठवा.)

त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात झँग, मॉनरोझ आणि रायटर यांनी थेट मुदतीलाच हात घातला. तिथे दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावा लागे, आणि बंद झालेल्या खात्यांचे जुने पासवर्ड त्यांना झाकलेल्या रूपात मिळाले. ७,७५२ खाती अभ्यासली. प्रश्न असा: जुना पासवर्ड माहीत असेल तर नवा किती सहज सापडतो? १७ टक्के खात्यांत पाचापेक्षा कमी प्रयत्नांत. संगणकावर फाइल समोर ठेवून तोडायचं म्हटलं तर ४१ टक्के वेळा तीन सेकंदांच्या आत. म्हणजे ‘गणेश@१’ चोरणाऱ्याला ‘गणेश@२’ फुकट.

२०१७ मध्ये निस्टने पलटी मारली: ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, फुटल्याचा पुरावा असेल तर मात्र बदलायला लावावा. चिन्ह-आकड्यांची सक्ती नको, फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी तुलना करा, आणि पासवर्ड पेस्ट करू द्या. २०२५ च्या आवृत्तीत ‘लावू नये’चं ‘लावायचं नाही’ झालं. आपल्याकडचे कित्येक फॉर्म अजून पेस्ट करू देत नाहीत, त्याला काय म्हणावं!

आता तुमच्या लॅपटॉपकडे. ग्रीन बुकची विसरलेली अट, म्हणजे पासवर्ड यंत्राने बनवावा, आज फुकट पाळता येते. कीपासएक्ससी हा मुक्त सॉफ्टवेअरमधला प्रोग्राम प्रत्येक खात्याला वेगळा लांबलचक पासवर्ड बनवतो आणि सगळे एका कुलूपबंद फाइलमध्ये ठेवतो. ती फाइल तुमच्याच संगणकावर राहते. तिची रचना उघड असल्यामुळे दुसरे प्रोग्रामही ती उघडू शकतात, आणि कोड कुणालाही वाचता येतो. लक्षात ठेवायचा तो फक्त एक मुख्य पासवर्ड. त्यासाठी डाइसवेअर ही अर्नोल्ड राइनहोल्ड यांची १९९५ची युक्ती वापरा. फासा पाच वेळा टाका, येणाऱ्या आकड्यावरून ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द उचला, असं सहा वेळा करा. शब्द आवडला नाही म्हणून बदलायचा नाही. तुम्ही निवडायला लागलात की पुन्हा १९७९.

प्रबंधाच्या बॅकअपसोबत त्या फाइलचीही एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, आणि ते सहा शब्द कागदावर लिहून घरच्या कपाटात. ते विसरलात तर फाइल उघडून देणारी कुठलीही हेल्पलाइन नाही.