डिकीत कोण बसायचं?

१९२७ सालची, उत्तम निगा राखलेली रोल्स-रॉइस ट्वेंटी विकायला निघते, तेव्हा तिच्या वर्णनात सहा सिलिंडरचं ३,१२७ सीसीचं इंजिन येतं, जर्मन सिल्व्हरचा रेडिएटर येतो, गाद्यांचं मूळ चामडं येतं. गाडी दोनच माणसांची असेल, तर आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितलेली असते : मागे डिकी आहे. आपल्याकडचा माणूस इथे अडखळतो. डिकी काय, कुठल्याही गाडीला असते! त्यात मिरवण्यासारखं काय?

मिरवण्यासारखं असं, की ही डिकी सामानाची नाही, माणसांची आहे. गाडीच्या मागच्या उतारावरचं झाकण ओढायचं. ते खालच्या बिजागरीवर मागे कलतं आणि आतल्या गादीची पाठ होतं. मडगार्डवर बसवलेल्या लोखंडी पावलांवर पाय देत वर चढायचं आणि आत उतरायचं. डोक्यावर टप नाही, शेजारी काच नाही. पुढे मालक-मालकीण कोरडे, मागचे दोघे चिंब. जर्मनांनी या जागेला 'सासूची बैठक' असं नाव दिलं होतं, त्यावर वेगळं भाष्य नको.

हा शब्द मोटारीबरोबर जन्मलेला नाही. रोल्स-रॉइस त्या काळी इंजिन आणि चासीच विकायची, वरचा साज गिऱ्हाईक बांधून घ्यायचं, आणि बांधणारे घोडागाड्यांचे पिढीजात कारागीर असत. बार्कर ही त्यांतली नामांकित पेढी थेट १७१० सालची. फेटन, लँडो, कॅब्रिओले ही सगळी नावं तबेल्यातूनच गॅरेजमध्ये आली. डिकीही आली. इथवर वाद नाही.

वाद आहे तो त्याआधीचा. फ्रान्सिस ग्रोस या हौशी इंग्रजाने १७८५ साली लंडनच्या गल्लीबोळांतल्या बोलीचा कोश काढला. त्याची वाढवलेली आवृत्ती १८११ साली निघाली. तिच्यात 'डिकी'चे दोन अर्थ एकाच नोंदीत, एकाला एक लागून दिले आहेत. पहिला, गाढव. दुसरा, मालक स्वतः लगाम धरतो तेव्हा नोकरांनी बसायची गाडीमागची जागा. हे वाचल्यापासून मला दुसरं काही सुचेनासं झालं आहे. गाढवाच्या पाठीवर जे नको असेल ते लादायचं. मग गाडीच्या पाठीवर जी जागा नोकरासाठी, तिला गाढवाचंच नाव का पडू नये?

विरोधी पक्ष कमजोर नाही, हे मान्य. काहींच्या मते डिकी म्हणजे आधी गाडीवानाचीच बैठक. तो चिखलापासून बचावासाठी चामड्याचा पट्टा मांडीवर घ्यायचा, त्या पट्ट्यालाही डिकी म्हणत, म्हणून बैठकीला ते नाव. नुसता छातीपुरता खोटा सदरा, तोही डिकी. काही जण या झाकणाऱ्या कपड्यांचा धागा 'झाकणे' या अर्थाच्या डच क्रियापदापर्यंत नेतात. तिसरा पक्ष सोपा : डिक म्हणजे रिचर्डचं घरगुती नाव, आपल्या 'गणू-सोनू'सारखं कुणाही सोम्यागोम्याला लावायचं, त्या सोम्याची जागा ती डिकी.

चामड्याच्या पट्ट्याची गोष्ट मला पटत नाही. पट्टा पुढच्या माणसाला लागतो. मग नाव मागच्या बैठकीला का चिकटून राहिलं? रिचर्डबद्दल मात्र माझं भांडण नाही, कारण गाढवाला डिकी म्हणू लागले तेही बहुधा याच रिचर्डवरून. म्हणजे तो पक्ष माझ्याच घरात येऊन बसतो. वस्तूला ओझ्याच्या जनावराचं नाव देण्याची खोड तर जगभर आहे. चित्रकाराचा 'ईझल' हा डच भाषेतला गाढवच, आणि भिंत रंगवणारा आपल्याकडे घोडीवरच चढतो. गाढवापासून बैठकीपर्यंतची मधली पायरी कागदावर दाखवता येत नाही, पण मोतद्दारांची आपसातली थट्टा लिहून कोण ठेवणार?

त्या नोंदीतली दुसरी गोष्ट मला गाढवाहूनही मोलाची वाटते : 'मालक स्वतः हाकतो तेव्हा'. ड्रायव्हर असलेल्या गाडीत नोकराला पुढे जागा असतेच. मालकाने चाक हातात घेतलं, की नोकर मागे ढकलला जातो. रोल्स-रॉइसने १९२२ साली ट्वेंटी आणली ती नेमकी अशा गिऱ्हाइकासाठी, ज्याला मोठी फॉर्टी-फिफ्टी आणि तिचा गणवेशातला शोफर झेपत नव्हता किंवा नको होता. म्हणून दोन माणसांच्या ट्वेंटीला डिकी शोभते. बंद पडलेली गाडी सुरू करणारा माणूस सोबत हवा, पण शेजारी नको.

पुढे नोकर उतरला आणि ट्रंका चढल्या. ही घसरण अपघाती नाही, कारण इंग्रजीत ती आधीही एकदा झाली होती. ज्याला इंग्रज आज 'बूट' म्हणतात, ते सतराव्या शतकात घोडागाडीच्या दाराशी बाहेर काढलेलं आडवं आसन होतं. त्यावर बरोबरचे नोकर रस्त्याकडे तोंड करून बसत. तीच जागा पुढे पेटी झाली. गाडीवान आपले बूट तिथे ठेवायचा म्हणून ते नाव, ही गोष्ट आवडीने सांगतात, पण पेटी नंतरची आणि आसन आधीचं, तेव्हा ती टिकत नाही. म्हणजे नोकराची जागा सामानाला देण्याची चाल दोनदा झाली.

मोटारीत हा बदल फार सोपा होता. १९२८ ते ३१ च्या फोर्ड मॉडेल 'ए'ची कूप घेताना मागे बैठक हवी की सामानाची पेटी, हे गिऱ्हाइकाने ठरवायचं. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारख्या; फरक बिजागरीचा. बैठकीचं झाकण खाली जोडलेलं, पेटीचं वर. जुनी गाडी घेणाऱ्याने रंगाच्या चकाकीआधी ही बिजागरी पाहावी, कारण पेटीची बैठक करून भाव वाढवणारे हुशार लोक आहेत.

इंग्लंडात ट्रायम्फ रोडस्टर १९४९ साली बंद झाली आणि तिच्याबरोबर डिकीही संपली. सामानाच्या जागेला त्यांच्याकडे 'बूट' होताच, अमेरिकेत 'ट्रंक' होता. आपल्याकडे हे दोन्ही मागे पडले आणि डिकी राहिली. माझा अंदाज असा की इथल्या उन्हाधुळीत त्या उघड्या खड्ड्यात बसायची हौस कुणालाच नव्हती. त्यामुळे तिच्यात पहिल्यापासून वळकट्याच गेल्या आणि नाव थेट सामानाला लागलं. वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून निघालेली 'स्टेपनी'ही अशीच तिकडे विसरली गेली आणि आपल्या पंक्चरवाल्याकडे सुखात आहे.

नंतर डिकी स्कूटरवर गेली. हल्लीच्या गिअरलेस स्कूटरमध्ये ती सीटखाली असते, हेल्मेट आणि पिशवी आत कोंबायची आणि झाकण आपटायचं. एके काळी नोकराला दिलेल्या या जागेवर आता मालकच बसतो.