साबण, वनस्पतिज तेलांचा

प्राण्यांच्या चरबीऐवजी खोबरेल, एरंडेल, सरकी, मोह, कडुनिंब, करंज इत्यादींच्या तेलांपासून तयार केलेला साबण. तेलावर दाहक सोड्याची विक्रिया झाली असता वसाम्लांची सोडियम लवणे म्हणजे साबण व त्याबरोबर ग्लिसरीन तयार होते. या क्रियेस साबणीकरण म्हणतात. दाहक पोटॅश वापरल्यास मऊ साबण मिळतो. लागणाऱ्या क्षाराचे प्रमाण तेलानुसार बदलते. १ किग्रॅ. खोबरेलास सु. १८० ग्रॅ., तर तितक्याच कडुनिंबाच्या तेलास सु. १४० ग्रॅ. दाहक सोडा लागतो. खोबरेलाच्या साबणास विपुल फेस येतो व तो दुष्फेन (कठीण) पाण्यातही बऱ्यापैकी टिकतो. एरंडेलामुळे साबणास पारदर्शकता येते.

इतिहास : भूमध्य समुद्राच्या परिसरात ऑलिव्ह तेलाचा साबण मध्ययुगापासून प्रसिद्ध होता. फ्रान्समध्ये १६८८ च्या राजाज्ञेने साबणात ऑलिव्ह तेलाखेरीज अन्य स्निग्ध पदार्थ घालण्यास मनाई करण्यात आली. निकॉला लब्लां यांच्या पद्धतीमुळे (१७९१) सोडा स्वस्त झाला व साबण सामान्य माणसाच्या आटोक्यात आला.

महाराष्ट्रात अंग धुण्यासाठी डाळीचे पीठ व उटणे, केसांसाठी शिकेकाई व रिठा आणि कपड्यांसाठी रिठा व खारी माती वापरण्याची पूर्वापार रीत होती. एकोणिसाव्या शतकात विलायती साबण आला. परंतु त्यात चरबी असल्याच्या समजुतीने अनेक घरांत, विशेषतः सोवळ्याओवळ्याच्या प्रसंगी, तो निषिद्ध मानला जाई. स्वदेशीच्या चळवळीने या धार्मिक संकोचाला आर्थिक कारणाची जोड दिली. १९२० च्या सुमारास मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी चरबीविरहित, केवळ वनस्पतिज तेलांचा अंगाचा साबण बाजारात आणला आणि त्यास देशभर मागणी आली.

वर्ध्याचा प्रयोग : चरबीचा प्रश्न सुटला, तरी दुसरा उभा राहिला. खोबरेल व भुईमुगाचे तेल ही खाण्याची तेले. ती साबणात गेली, तर गरिबाच्या ताटातील स्निग्धांश तेवढा कमी होणार. १४ डिसेंबर १९३४ रोजी स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हा विचार पुढे आणला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्याच्या मगनवाडीत संघाचे कार्य चाले व जे. सी. कुमारप्पा त्याचे संघटक होते. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन यांबरोबर साबणनिर्मितीही तेथील शिक्षणाचा विषय होती. खाद्य तेल खाण्यासाठी राखावे आणि रानावनात वाया जाणाऱ्या कडुनिंब, करंज, मोह यांच्या बियांपासून साबण करावा, म्हणजे बिया वेचणाऱ्यास व घाणी चालविणाऱ्यास गावातच काम मिळेल, असे हे धोरण होते. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने ‘अखाद्य तेले व साबण’ हा स्वतंत्र उद्योग मानून ते चालू ठेवले. नागपूर येथील लक्ष्मीनारायण तंत्रविद्या संस्थेत (१९४२, २०२३ पासून विद्यापीठ) तेल तंत्रविद्येचे अध्यापन होऊ लागले.

या धोरणास मर्यादाही पडल्या. कडुनिंबाच्या निंबोळ्या पावसाच्या तोंडी पिकतात. तेव्हाच पेरणीची घाई असल्याने मजूर मिळत नाहीत व ओल लागलेल्या बियांचे तेल खराब होते. त्या तेलाचा उग्र वास व काळपट रंग घालविण्यास खर्च येतो. शिवाय ‘अखाद्य’ ही संज्ञा सर्वत्र लागू पडत नाही. पूर्व विदर्भातील गोंड व अन्य आदिवासींच्या घरी मोहाचे तेल हे स्वयंपाकाचे व दिव्याचे तेल आहे. त्याच्या बिया साबणासाठी बाहेर गेल्या, तर जी उणीव टाळावयाची तीच तेथे निर्माण होते.

उपयोग : अंग, हात व कपडे धुणे हा साबणाचा मुख्य उपयोग होय. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलकट मळास व दुसरे पाण्यास चिकटते. त्यामुळे मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. भांडी व फरशा धुण्यासाठी, तसेच रेशमावरील डिंकासारखा थर काढण्यासाठी तो वापरतात. मऊ साबणाचे विरल द्रावण झाडांवरील मावा व तत्सम मृदुकाय किडींवर फवारतात. दुष्फेन पाण्यात मात्र कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या लवणांमुळे साबणाचा साका बनतो व बराच साबण वाया जातो.

या उणिवेमुळे व स्वस्ताईमुळे १९७० नंतर कपडे धुण्याच्या कामी प्रक्षालक चूर्णांनी साबणाची जागा बव्हंशी घेतली. अंगाच्या साबणात आता आयात पाम तेलाच्या घटकांचा मोठा वाटा असतो. ग्रामोद्योगी केंद्रांत व लहान गटांत कडुनिंबाचा हातसाबण आजही तयार होतो. साबण चरबीचा की तेलाचा, हा जुना प्रश्न बहुतांशी मागे पडला आहे. तेल कोणाचे व कोठले, हा वर्ध्यात विचारला गेलेला प्रश्न मात्र शिल्लक आहे.