घंगाळावरचं नाव

"स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, पण पाण्याची टाकी आणि पार्किंगचा इतिहास नको, तो कमिटी लिहिणार आहे," असं आपल्या सेक्रेटरींनी बजावलं. मग म्हटलं, आपल्या घरांतल्या वस्तूंचा इतिहास लिहू या. साडेचारशे चौरस फुटांच्या ब्लॉकमध्ये कसला आलाय इतिहास, असं कुणी म्हणेल. पण तो आहे. काही भिंतीवर आहे, काही माळ्यावर आहे आणि बराचसा आपण मोडीत घातला आहे.

आपल्यापैकी बहुतेक जण इथे चाळीतून आलो. कुणी गिरगावातून, कुणी लालबाग-परळहून, कुणी नायगावच्या बीडीडी चाळीतून. चाळीच्या आधी प्रत्येकाचं एक गाव होतं. आमचं रत्नागिरीकडचं. गावच्या घरात सजावट हा शब्दच नव्हता. भिंतीत फडताळ, कोनाड्यात पणती, खुंटीला पंचा. न्हाणीघरात तांब्याचा बंब आणि घंगाळ, स्वयंपाकघरात पितळी हंडे-कळशांची उतरंड. वस्तू रोज हातात असायची, म्हणून ती चकचकीत असायची. कल्हईवाला आला की अंगणात भाता लागायचा. तापलेल्या भांड्यात नवसागर पडला की पांढरा धूर निघायचा, कथील फिरायचं आणि काळवंडलेलं पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं.

ही भांडी मुंबईला बोटीतून, एसटीतून आली आणि चाळीच्या खोलीत बसवली गेली. बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या. तिथली एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यात आठ-दहा माणसं, देव, चूल आणि मोरी. तरी भिंती रिकाम्या नव्हत्या. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली गिरगावात छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी साध्या घरांतही पोचल्या. तोवर असली चित्रं बघायची तर राजवाड्यात जावं लागे. तसबिरीशेजारी आजोबांचा फोटो, एखादी मण्यांची चौकट, कडप्प्याच्या फळीवर ओळीनं मांडलेले पितळी डबे. चाळीतल्या बायकांनी जागेअभावी शोधलेली ही सजावटच होती, फक्त तिला कुणी तसं म्हणत नसे.

मग स्टील आलं. साठ-सत्तरच्या दशकांत रुखवतात पितळेच्या जागी स्टीलचे डबे दिसू लागले. त्याला कल्हई नको, चिंच नको. दिवसभर घासून हात झिजलेल्या बायकांना त्याचं अप्रूप वाटलं यात त्यांची काही चूक नाही. जुन्या साड्या बोहारणीकडे आणि जुनी भांडी तांबाकाट्याला मोडीत, असा रिवाज पडला. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं, हळूहळू टीव्ही घराघरांत आला आणि त्याच्यासाठी शोकेस आली. शोकेसमध्ये काचेची बाहुली, शिंपल्यांचं जहाज आणि प्लॅस्टिकची फुलं. घरातली सगळ्यात जुनी वस्तू माळ्यावर गेली आणि सगळ्यात नवी काचेआड बसली.

सगळ्यांनी हौसेनं भांडी काढली असंही नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगार थांबले तसा घरातला एकेक जिन्नस बाहेर पडू लागला. आपल्या ए विंगमधल्या एक काकू लालबागच्या. त्या सांगतात, "आधी मंगळसूत्रातले मणी गेले, मग हंडा गेला, मग कळशी. हंडा विकला त्या दिवशी पाणी कशात भरायचं म्हणून रडले, बाकी कशासाठी नाही." त्यांच्या घरी आज एकच पितळी लोटी आहे. टीव्हीच्या बाजूला असते. पाहुण्यांना वाटतं, शोपीस आहे. काकूंना ती संपातून वाचलेली वस्तू आहे.

आता माझी गोष्ट. २५ वर्षांपूर्वी इथला ताबा मिळाला तेव्हा आमच्या गिरगावच्या खोलीचा माळा मी स्वतः उपसला. ट्रंका, फुटकी कंदिलं, गोधड्या आणि एक भलंमोठं तांब्याचं घंगाळ. धुरानं काळंठिक्कर. त्यात जुन्या रद्दीचे गठ्ठे होते. नव्या घराला काळी भांडी शोभणार नाहीत असं मला वाटलं. टेम्पोत जागाही नव्हती. घंगाळ काट्यावर चढलं, वजन झालं आणि पैसे घेऊन मी बाथरूमसाठी प्लॅस्टिकचं पिंप आणलं. आई काही बोलली नाही. एक पितळी तांब्या मात्र तिनं पदराखाली धरून आणला.

वास्तुशांतीला आत्या आली. सगळं घर बघून झाल्यावर म्हणाली, "आणि घंगाळ रे?" मी सांगितलं. ती खाली बसली. "अरे, त्याच्या काठावर माझ्या आईचं माहेरचं नाव होतं."

पूर्वी भांड्यावर नाव घालत. दुकानाबाहेर बसलेला माणूस छोट्या छिनीनं ठिपका ठिपका ठोकून देणाऱ्याचं नाव, कधी गाव, कधी साल आणि निमित्त उमटवायचा. आजीच्या वडिलांनी लग्नात ते घंगाळ दिलं होतं, लेकीचं नाव घालून. लग्नात आजीचं नाव बदललं. रेशनकार्डावर, खोलीच्या भाडेपावतीवर, मृत्यूच्या दाखल्यावर सासरचंच नाव. शाळेत ती गेलीच नव्हती. तिच्या माहेरचं आता कुणी उरलेलं नाही. म्हणजे ती जन्मली तेव्हा तिचं नाव काय ठेवलं होतं, हे जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं आणि ते मी किलोच्या भावानं दिलं. आत्याला लहानपणी वाचलेलं आठवत होतं ते एवढंच, की 'य'वरून काहीतरी होतं.

पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी पुढे दोनदा जाऊन आलो. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, पानाचे डबे, स्वयंपाकाची भांडी जमवली. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं. २० हजारांहून जास्त वस्तू आहेत. तलवारी सगळेच जपतात, या माणसानं बायकांच्या हातातल्या वस्तू जपल्या. तिथे प्रत्येक भांड्याचा काठ मी वाकून बघत होतो. बरोबरच्या नातवानं विचारलं, "आजोबा, काय शोधताय?" काय सांगणार?

आपली घरं म्हणजे संग्रहालय नव्हे हे मला कळतं. लहान ब्लॉकमध्ये सगळं ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. पण एखादी वस्तू दिसेल अशी ठेवता येते. आपल्याच सोसायटीत बघा. एकांनी शिलाई मशिनच्या लोखंडी पायावर फळी टाकून मुलीचं अभ्यासाचं टेबल केलंय. कुणाकडे आजोबांची ट्रंक रंगवून बाल्कनीत बसायला घेतली आहे, आत गाद्या मावतात. एकीनं आईच्या विरलेल्या पैठणीचा फक्त पदर चौकटीत लावलाय. चौथ्या मजल्यावर गावच्या घराचे दोन पाट भिंतीला टांगलेत आणि पंगत असली की खाली उतरतात. हे मला सर्वांत आवडतं, कारण वस्तू वापरात राहिली की तिची अडगळ होत नाही.

अनुभवातून चार गोष्टी सांगतो. मोडीत द्यायच्या आधी भांडं चिंचेनं घासून काठ, बूड, कडीची जागा नीट बघा. नाव सापडलं तर त्याचा फोटो काढा आणि त्या जागी रोज घासू नका, ठिपके झिजतात. जुनं कापड आणि फोटो उन्हाच्या भिंतीवर लावू नका. जुन्या फोटोमागे पेन्सिलीनं नावं लिहा, आज ती सांगणारं माणूस घरात आहे तोवर. वस्तू विकायचीच असेल तर विका, पण घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारून विका.

१९१५ साली गावदेवीला सारस्वत मंडळींनी मुंबईतली पहिली सहकारी गृहनिर्माण सोसायटी काढली, तेव्हापासून आपण भिंती, जिना आणि गच्ची एकत्र सांभाळायला शिकलो. आठवणी मात्र ज्याच्या त्याच्या माळ्यावर राहिल्या. म्हणून कमिटीला सुचवलंय आणि त्यांनी मान्यही केलंय, की रौप्यमहोत्सवाच्या दिवशी खालच्या हॉलमध्ये चार टेबलं मांडायची. प्रत्येक घरानं एक जुनी वस्तू आणायची, सोबत चिठ्ठी : कुणाची, कुठली, कशी आली. किंमत लिहायची नाही. चिठ्ठी नातवंडांकडून लिहून घ्या, म्हणजे त्यांना विचारावं लागेल.

मी आईनं आणलेला तो पितळी तांब्या आणणार आहे. त्यावर कुणाचंच नाव नाही. चिठ्ठी नातवानं लिहून ठेवली आहे : "पणजीच्या आईचा नाही, आजोबांच्या आजीचा. तिचं खरं नाव य पासून सुरू होतं. पुढचं आम्हाला माहीत नाही."

— ब विंगमधील एक सभासद