आदिलशहाचा वाडा

पणजीला मांडवीच्या काठी, आबे फारियाच्या पुतळ्याशेजारी उतरत्या कौलारू छपराची जी लांबलचक इमारत आहे, तिला आमच्या खात्यातले जुने लोक अजून 'सेक्रेटरिएट'च म्हणतात. पण ही वास्तू मुळात कचेरी नव्हे, राजवाडाही नव्हे. तो होता किल्ला.

विजापूरच्या युसूफ आदिलशहाने इ. स. १५०० च्या सुमारास तो बांधला. भोवती खाऱ्या पाण्याचा खंदक होता आणि तोफांची तोंडे नदीकडे वळवलेली होती. समुद्रातून वर गोव्याच्या बंदराकडे जाणारे गलबत याच तोफांसमोरून जायचे. म्हणून फेब्रुवारी १५१० मध्ये आल्बुकर्कच्या माणसांनी आधी हा किल्ला घेतला. मे महिन्यात आदिलशाही फौजेने गोवा परत मिळवला खरा, पण २५ नोव्हेंबरला तो पुन्हा पोर्तुगिजांच्या हाती गेला.

पुढे या किल्ल्याचे लढाऊपण ओसरत गेले. पोर्तुगालहून येणारे आणि परत जाणारे व्हाइसरॉय इथे काही दिवस मुक्काम करू लागले. युरोपातही त्या काळात असेच चालले होते. पॅरिसचा लूव्र हा मूळचा किल्ला. १५४६ पासून त्याच्या जागी राजाचा नव्या धाटणीचा महाल उभा राहू लागला. तिथे हौस होती, आपल्याकडे मात्र रोगराईने घाई केली. साथींनी ओस पडत चाललेले जुने गोवे सोडून व्हाइसरॉय १६९५ मध्ये पणेलीला गेले आणि १७५९ मध्ये दुरुस्ती करून या वाड्यात राहायला आले. पणजी १८४३ मध्ये राजधानी झाली, त्याची सुरुवात या बिऱ्हाडापासून धरायला हरकत नाही.

१९१८ मध्ये राज्यपालांचे निवासस्थान काबोला गेले. मुक्तीनंतर इथे सचिवालय आले, १९६४ पासून २००० पर्यंत विधानसभाही इथेच भरली. ज्या राजभाषा विधेयकावरून आपल्या घराघरांत वाद झाले, ते ४ फेब्रुवारी १९८७ रोजी याच छपराखाली संमत झाले. आपली बाजू कोणतीही असो, ही वास्तू 'फिरंग्यांची' म्हणून झटकून टाकता येत नाही, ती एवढ्यासाठी.

गंमत अशी की पोर्तुगीजसुद्धा तिला 'इदलकांवाचा वाडा'च म्हणत. इदलकांव म्हणजे आदिलखान! खंदक गेला, तोफा गेल्या, धनी किती बदलले. साडेचारशे वर्षे राज्य करणाऱ्यांना नाव मात्र हरलेल्याचेच चालवावे लागले.