नाव कोणाचे, गळा कोणाचा?

एल्व्हिस प्रेस्ली 1977 साली वारला, पण त्याची गादी अजून चालते आहे. 'हाउंड डॉग' हे त्याचेच गाणे, असे माझ्या विद्यार्थ्यांनीही धरून ठेवले होते. वस्तुतः ते बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेने 1952 मध्ये ध्वनिमुद्रित केले. प्रेस्लीचे आले 1956 मध्ये. गाणे लिहिणारे दोघे गोरेच, म्हणून निव्वळ चोरीचा आरोप येथे टिकत नाही. परंतु ज्या ब्लूजवर प्रेस्ली पोसला ते काळ्यांचे, आणि सम्राटपद मात्र गोऱ्या गळ्याला!

मला पवळा आठवली. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी ब्राह्मण्य टाकून तमाशात आले, पठ्ठे बापूराव झाले. त्याची किंमत त्यांनी मोजली, हे नाकारण्याचा कोतेपणा मी करणार नाही. पण पिढ्यान् पिढ्या ही कला जगविणाऱ्या महार समाजातली पवळा इतिहासात येते ती 'बापूरावांची पवळा' म्हणून. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी देऊ केलेले खेळांचे उत्पन्न बाबासाहेबांनी नाकारले, अशी हकिकत चळवळीत सांगतात. आपल्या बायका नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. हा नकार मला पटतो. बोचतोही. पवळेला कोणी विचारले होते?

आम्ही वालावलकर दशावताराच्या मुलखातले. तमाशा मला पुस्तकातच भेटला. पण भीमजयंतीला वाडीत माझी निरक्षर आई गात असे. गाणी कोणाची, हे तिला ठाऊक नव्हते. ती गात असे, हे आता वाडीतही थोड्यांनाच ठाऊक आहे.